चौथा कोपरा

आण्णांना मी शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. दवाखान्यात खिडकीजवळची कॉट होती. आई स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. सोलून झालेल्या फोडी ती त्यांच्या हातात न देता बशीत ठेवत होती, कारण तीन वर्षं आमच्या घरात कोणी त्यांच्या हातात काही दिलं नव्हतं की त्यांच्या हातातून काही घेतलं नव्हतं. आम्ही गेलो होतो तेही लोक काय म्हणतील म्हणून. आण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तरीण, त्या कार्डाला कोपरा नव्हता ना गं?"

आईचा हात थांबला. मी म्हणाले, "मला आता आठवत नाही, आण्णा."

ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे वळले. चार दिवसांनी संजूदादा, म्हणजे त्यांचा मुलगा, सायकल बांधावर टाकून धावत आला तेव्हा मी मेथीच्या जुड्या बांधत होते. तो काही बोलायच्या आधीच कळलं. आता सहा आठवडे झाले. हे लिहावं की नाही हेही मला कळत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिण्यासारखं काही असलं की ते माझ्याकडेच येतं. पण हे मला कोणी सांगितलेलं नाही. मला ते कार्ड चांगलं आठवत होतं. ते माझ्याच पत्र्याच्या पेटीत आहे.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. मखमलाबादच्या पुढे कालव्याच्या अंगाला आमची शेती आहे. फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर आणि दसऱ्यासाठी झेंडू. पहाटे टेम्पो नाशिकच्या मार्केटला जातो. रस्त्याकडचं घर आण्णांचं, मागचं आमचं, आणि मधोमध विहीर. आण्णा शाळेत गेलेच नव्हते. सही करायचे, ती मात्र अशी घोटून काढायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज पत्र लिहीत असेल. त्यांच्या ओसरीवर खांबाला तारेचा एक आकडा टांगलेला असायचा. आलेलं पत्र वाचून झालं की त्या आकड्यात खुपसायचं. पोस्टमन दोन्ही घरांचं टपाल रस्त्याकडच्या घरातच टाकायचा आणि पुढच्या घरचं कुठलं, मागच्या घरचं कुठलं, एवढंच तोंडी सांगून जायचा. मी दुसरीत गेल्यापासून आण्णांची पत्रं वाचायचं काम माझं. ते कॉटवर मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, मास्तरीणबाई, करा सुरू." मी अडखळले तर डोळे न उघडता म्हणायचे, "घाई नाय. पत्र कुठं पळून चाललंय."

फक्त एक पत्र त्या आकड्यावर कधी जायचं नाही. मरणाची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असतो, हे बहुतेक वाचकांना माहीत असेल. आमच्याकडे असं कार्ड घरात आणत नाहीत. अंगणातच वाचायचं, तिथंच फाडायचं, आणि मग अंघोळ. मी लहान असताना आण्णांच्या मेहुण्याची बातमी सुरतेहून अशीच आली. छापील कार्ड होतं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं, कोपरा बघितला आणि मला म्हणाले, "तू नको वाचू." आणि शेजारच्या म्हाताऱ्या गुरवाकडं घेऊन गेले. त्यांच्या दृष्टीनं कार्डावरची अक्षरं नंतर यायची. आधी कोपरे मोजायचे.

मग वाटण्या झाल्या. मी तेव्हा आठवीत होते. वाटणीत कोणावर अन्याय झाला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. रस्त्याकडची जमीन त्यांना गेली, काळी जमीन आम्हाला आली. विहीर सामाईक राहिली आणि चार-चार दिवसांच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. पण त्या दिवसापासून आमच्या घरात आण्णांच्या प्रत्येक गोष्टीला दोन बाजू झाल्या. एक दिसायची ती, आणि दुसरी आई सांगायची ती. आण्णा सकाळी आमच्या दारावरून खोकत गेले तर आई म्हणायची, "बघ, कोण उठलंय कोण नाय ते बघून चाललाय." न खोकता गेले तर म्हणायची, "चोरपावलांनी चाललाय." एकदा त्यांनी वेलावरचा पहिला डांगर पाठवला. आईनं तो चिरण्याआधी फिरवून फिरवून बघितला, देठापाशी वास घेतला आणि शेवटी म्हशीपुढे टाकला. म्हशीला काही झालं नाही. बाबा हसून म्हणाले, "म्हस पण वाटणीत आपल्याकडंच आलीय, तिलाही मारायला बघत व्हता." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. डांगर चांगला होता हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण त्याचा अर्थ आण्णा चांगले असा कोणी काढला नाही. डाव फसला, एवढाच काढला.

माझ्या बाजूनं एवढंच सांगते की पत्रं वाचायला मी लपून जात राहिले. पुढे तेही कमी झालं.

नव्याण्णव साली मी बारावी झाले. संजूदादा त्याच वर्षी बारावीला दुसऱ्यांदा नापास झाला. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, म्हणून सांगते. मी डी.एड.चा फॉर्म भरला. त्या वेळी डी.एड. म्हणजे दोन वर्षांनी शाळेत नोकरी, असंच सगळे धरून चालायचे. मुलाखतीचं कार्ड येईल असं कळलं होतं. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे लग्नं जुलैपर्यंत लांबली होती, आणि आण्णांच्या लताताईचं लग्न नेमकं त्याच आठवड्यात, गुरुवारी होतं. भांडण असलं तरी घरातली पहिली मुलगी, म्हणून आम्ही सगळे सोमवारपासून आण्णांच्याच घरी होतो. आई पापड तळत होती, मी रुखवताच्या वस्तू मांडत होते. मंगळवारी मी आण्णांना विचारलं, "आण्णा, माझं काही टपाल आलं का?" त्यांनी माझ्याकडे न बघता मांडवाच्या दोरीला गाठ मारली आणि म्हणाले, "तुझं? तुझं नाय काही."

बुधवारी देवक बसायचं होतं. आमच्याकडे देवकाचं पाणी विहिरीवरून पाच सवाष्णी आणतात, आणि पहिली घागर नवरीच्या चुलतीची असते. आईनं त्यासाठी हिरवं लुगडं काढलं होतं. वाजंत्री विहिरीपर्यंत गेली. आई वाकली आणि तिनं घागरीला हात घातला, तेवढ्यात आण्णा गर्दीतून पुढे आले. "कुसुम, तू नको. तू राहू दे." त्यांनी काकूच्या बहिणीला पुढे बोलावलं आणि घागर तिच्या हातात दिली. वाजंत्री वाजतच होती. आई सरळ उभी राहिली. तिच्या हाताला घागरीचं कुंकू लागलं होतं, ते तिनं लुगड्याला पुसलं नाही, तसाच हात धरून ती उभी राहिली. आण्णा हळू आवाजात म्हणाले, "तू सावलीत बस जरा. काही खाल्लंस का?"

ही गोष्ट आईनं पुढे किती वेळा सांगितली असेल! नातेवाईक आले की सांगायची, बायका निंदायला आल्या की बांधावर बसून सांगायची. "सामाईक विहिरीवरून मला हाकललं. चारचौघांत दाखवून दिलं, की पाण्याला हात लावायचा तुमचा हक्क नाय. आणि वरून म्हणतो, खाल्लंस का!" त्या दोन दिवसांत आण्णा तिच्या जेवणाच्या मागेच लागले होते. "कुसुमला आधी वाढा." "कुसुम जेवली का?" इटारसीहून मामाचं काही कळलं का, असंही त्यांनी दोनदा विचारलं. आईचे वडील मनमाडला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर मामाकडे इटारसीला राहायला गेले होते आणि वर्षभर आजारी होते. त्यामुळे मामाकडचं लग्नाला कोणी आलं नव्हतं. आई म्हणायची, "अपमान केला आणि मग लाडीगोडी. याच्या पोटात काय हाय ते मला कळतंय." मलाही तेव्हा कळत होतं. कळत होतं असंच वाटत होतं.

गुरुवारी लग्न लागलं. शुक्रवारी सकाळी आण्णा आणि काकू आमच्या दारात आले. लग्नघर म्हणजे बुंदीच्या पराती उरलेल्या, आणि काकूच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचं पातेलं! आईनं ते बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि ओठ मिटले. बुंदी स्वतःला, आणि आम्हाला पिठलं. आण्णा आत आले नाहीत. अंगणातच उभे राहिले. डोक्यावर टोपी नव्हती. मला आठवतं, त्यांनी दाढीही केलेली नव्हती. त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं आणि बाबांच्या हातात दिलं. "सोमवारी आलं व्हतं," ते म्हणाले. "विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवलं व्हतं. कुसुमला... आधी बसव खाली."

बाबांनी कार्ड वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. ते माझ्या मुलाखतीचं कार्ड होतं. मुलाखत गुरुवारी सकाळी दहा वाजता होती, म्हणजे आदल्या दिवशी. त्या वेळी मी लताताईच्या मुंडावळ्या बांधत होते.

त्यापुढचं सगळं एकदमच झालं. बाबा ओरडत होते, आई ओरडत होती. आण्णा कोणाच्याही तोंडाकडे न बघता कार्डाकडे बघत होते, जणू त्यांच्या हातातून एक कार्ड गेलं होतं आणि बाबांच्या हातात भलतंच आलं होतं. "त्याचा... कोपरा फाटका व्हता," ते म्हणाले. तेवढंच. कार्डाला खरंच कोपरा नव्हता. वरचा डावा. बाबा म्हणाले, "तूच फाडलास. आपलं पोरगं दोनदा नापास झालं, पोरगी पास झाली ती बघवली नाय. कोपरा म्हणे! मरणाची बातमी टेलिग्रामनं येते, माहीत नाय व्हय तुला?" आई म्हणाली, "आणि खरंच फाटका व्हता तर मग अजून वाईट. कोण मेलं समजला व्हतास तू? कोण मेलंय असं समजून आम्हाला नाचवलंस दोन दिवस?" आण्णांनी आईकडे बघितलं. मग मान खाली घातली. काकूनं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेली. पिठलं संध्याकाळपर्यंत तिथंच होतं. मग म्हशीला घातलं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला मुलाखतीच्या ठिकाणी घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटं-सुलटं बघितलं आणि म्हणाल्या, "यादी लागलीसुद्धा. लग्न होतं का घरात? सगळ्यांच्या घरात लग्नंच असतात हो." मी वर्षभर घरी राहिले. निंदणी केली, झेंडू तोडला. पुढच्या वर्षी डी.एड.चा फॉर्म भरायचा मला धीर झाला नाही. मी बी.ए.ला गेले. आता तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांनी सामाईक विहिरीचं पाणी सोडलं आणि बोअर घेतलं. आमचं टपाल आमच्याच घरी टाकायला पोस्टमनला बजावलं. पण तो सवयीनं कधीकधी रस्त्याकडेच टाकायचा. अशा वेळी आण्णा आमच्या बांधापर्यंत यायचे, मला हाक मारायचे, आणि पत्र हातभर लांब धरून दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवायचे. "चारी कोपरे हायेत बघ." मग ते बांधावर ठेवायचे, वर दगड ठेवायचे आणि मी उचलेपर्यंत लांब उभे राहायचे. आई म्हणायची, "टोमणा मारतोय मेला." मलाही तो टोमणाच वाटायचा. मी कार्ड पेटीत ठेवलं होतं ते पुरावा म्हणून. कसला पुरावा, ते मात्र मी कधी स्वतःला विचारलं नाही. मास्तरीण म्हणणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं होतं. दवाखान्यात तीन वर्षांनी पहिल्यांदा म्हणाले.

आण्णा गेले त्या दिवशी आई चुलीपुढे बसली. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही. भावकीतल्या घरानं करून न्यायचं असतं, आणि आण्णांची सगळ्यात जवळची भावकी आम्हीच. आईच्या मनात काय होतं माहीत नाही, पण रीत ती चुकवत नाही. तिनं भाकरी थापल्या, पिठलं केलं, भाकरी फडक्यात बांधल्या आणि मला म्हणाली, "चल, पातेलं तू घे. कडू घास हाय, जपून ने, वाटेत खाली ठेवू नको."

आम्ही विहिरीच्या बाजूनं चाललो होतो. माझ्या हातात पिठल्याचं पातेलं होतं, पुढे आईच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. मी तिथंच थांबले. कोणीतरी आधी हे असंच घेऊन येताना मी बघितलं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, घरात परातींनी बुंदी असताना, कोणी पिठलं-भाकरी कशाला करेल? टोपी न घालता, दाढी न करता, अंगणाच्या पुढे न येता कोणी का उभं राहील? कार्ड देण्याआधी "कुसुमला आधी बसव" असं का म्हणेल? ते आमच्याकडे कडू घास घेऊन आले होते. त्यांच्या हिशेबानं इटारसीला आईचे वडील वारले होते.

आणि मग सगळंच आपोआप उलगडत गेलं, मला नको असतानाही. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस असतं, पण बातमी कानावर पडल्याशिवाय ते धरत नाहीत. म्हणून त्यांनी ते कार्ड कोणाकडून वाचून घेतलं नाही. लेकीचं लग्न मोडू नये म्हणून माणसांपासून लपवलं, पण देवकाच्या घागरीला सुतकातला हात लागू देण्याची त्यांची छाती झाली नाही. मी विचारलं तेव्हा "तुझं नाय" म्हणाले, कारण त्यांच्या मते ते माझं नव्हतंच, आईचं होतं. आणि दोन दिवस "कुसुम जेवली का" म्हणत फिरत होते, कारण पुढे तिला घास जाणार नाही हे घरात त्यांना एकट्यालाच माहीत होतं. जे आई तीन वर्षं त्यांच्याविरुद्ध सांगत आली, तीच त्यांची साक्ष होती. आम्ही ती शंभर वेळा ऐकली होती. आम्ही निकाल आधी लावला होता, म्हणून साक्ष ऐकू आली नाही.

मला लगेच माझाच संशय आला. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची सवय असते, तसं तर माझं होत नाही ना? मी पुन्हा उलट बाजूनं मांडून बघितलं, बाबांसारखं. समजा, त्यांनीच कोपरा फाडला. मग बुधवारी, कोणाला कार्डाचा पत्ता नसताना, त्यांनी आईला घागरीपासून दूर का केलं? शुक्रवारी कोपऱ्याची गोष्ट निघायच्या आधीच पिठलं कसं आलं? खोटं बोलायचं ठरवलेला माणूस त्याची इतकी आधीपासून, आणि इतकी मुकाट्यानं, तयारी करत नाही. असं मला वाटतं. खात्री आहे असं मी म्हणणार नाही.

दोन दिवसांनी आई मेथी निवडत असताना मी विषय काढला. "आई, आण्णांनी तुला घागर का दिली नाही?"

"हजारदा सांगितलंय."

"आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पिठलं का आणलं?"

"उरलं असंल."

"लग्नाच्या घरी पिठलं उरतं?"

तिनं चार काड्या निवडल्या. पाचवी हातातच राहिली. तिला माझ्यापेक्षा रीत जास्त कळते. ती म्हणाली, "म्हणजे माझा बाप मेला समजून त्यानं मला पापड तळायला लावलं." तिच्या डोळ्यांत राग होता. जुनाच, पण जरा जागा बदललेला. मी म्हणाले, "हो." ती पुन्हा निवडू लागली. मग म्हणाली, "मग सांगायचं ना, चूक झाली म्हणून." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "कसं सांगणार? बाप जिता असताना, तुझा बाप मेला समजलो व्हतो, असं कुणाच्या तोंडावर म्हणायचं..." ती उठून आत गेली. त्या संध्याकाळी तिनं भाजी दोन ठिकाणी काढली आणि एक वाटी काकूकडे पाठवली. बाबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "टेलिग्राम आला असता." अजूनही तेच म्हणतात.

आण्णांच्या दहाव्याची कार्डं लिहायचं काम माझ्याकडेच आलं. अक्षर बरं म्हणून. पत्ते लिहून झाल्यावर प्रत्येकाचा कोपरा फाडायचा होता. पहिले चार-पाच मी जपून फाडले, मग हात सरावला. सगळी कार्डं अंगणात ओळीनं पडली होती. मी पेटीतून माझं कार्ड आणलं आणि त्यांच्या शेजारी ठेवून बघितलं. एखादा कोपरा सरळ फाटला होता, एखादा तिरपा, एखाद्याची पापुद्र्यासारखी कड उचलली होती. माझ्या कार्डाचा कोपरा या सगळ्यांसारखा होता आणि कोणासारखाच नव्हता. तो पोस्टाच्या पिशवीत फाटला, पोस्टमनच्या सायकलला अडकून फाटला, की कोणी हातानं फाडला, हे त्यावरून सांगता येत नव्हतं. तीन वर्षं मी जो पुरावा जपला होता, तो कशाचाच पुरावा नव्हता.

कार्डं देऊन टाकल्यावर मी माझं कार्ड घेऊन काकूकडे गेले. ओसरीवर आण्णांची कॉट तशीच होती, गादी गुंडाळून ठेवलेली. खांबावरचा आकडा पत्रांनी भरलेला होता. खालची पिवळी, वरची लताताईची, सासरहून आलेली. मी कार्ड आकड्याकडे नेलं तशी काकू पुढे आली. "ते नको गं तिथं. कोपरा..." ती थांबली. तिनं कार्ड हातात घेतलं आणि फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. तिलाही वाचता येत नाही. "हेच का ते?" ती म्हणाली. "मी म्हणले व्हते, संजूला दाखवा. तर म्हणले, वाचलं की सुतक लागलं. लेक सासरी जाईस्तवर त्या कुसुमचा बाप जिता राहू दे."

ती त्यांची बायको आहे, ती असंच म्हणणार, असा विचार माझ्या मनात आलाच. इतक्या वर्षांची सवय आहे. पण मी तो बोलले नाही.

"काय लिवलंय त्याच्यावर?" काकूनं विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या घरात ते कार्ड कोणी कधी वाचलेलंच नव्हतं. बाबांनी वाचलं ते आमच्या अंगणात, आणि तेही ओरडत. ज्या कागदापायी आण्णांनी तीन वर्षं मान खाली घातली, त्यावर काय लिहिलं होतं हे त्यांना कोणी नीट वाचून दाखवलं नव्हतं. ते काम माझं होतं. दुसरीपासून माझंच होतं.

मी कॉटच्या कडेला बसले. काकू खांबाला टेकली. मी कार्ड वाचलं, आधी वाचायचे तसं, सावकाश. "आपणांस कळविण्यात येते की..." माझं नाव, मग वार, मग वेळ. शेवटची ओळ होती, "दिलेल्या वेळी हजर न राहिल्यास नंतर कोणताही विचार केला जाणार नाही." तिथं मी अडखळले. कोणी घाई केली नाही.

मग उठून मी ते कार्ड आकड्यावर लावलं. तीनच कोपरे आहेत त्याला. चौथा नव्हता, आण्णा. आलं तेव्हाच नव्हता.